नोकरी सोडावी, हक्क सोडू नये

कामगारांच्या तोंडून एक वाक्य आम्ही फार वेळा ऐकतो : "राजीनामा साहेबाच्या टेबलावर फेकला आणि बाहेर पडलो." हे सांगताना माणसाची मान ताठ असते, आणि त्या ताठ मानेबद्दल आम्हाला आदरच आहे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार जन्मभर सोसावा, असे सांगणारी युनियन ती युनियनच नव्हे. पण महिन्या-दीड महिन्याने तोच माणूस आमच्या कचेरीची पायरी चढतो आणि हळू आवाजात विचारतो, "बेकारीचे काही पैसे मिळतील काय?" त्याचे उत्तर बहुधा त्या फेकलेल्या कागदावरच लिहिलेले असते. म्हणून आजचा आमचा विषय असा : जाचाची नोकरी सोडायची वेळ आली, तर ती कशी सोडावी, की पोटाचा हक्कही मागे राहणार नाही.

आमचा वावर पेण-रोह्याच्या पट्ट्यातला. रोह्याजवळ धाटावला रासायनिक कारखाने, नागोठण्याला पेट्रोरसायनांचा प्रकल्प, पेण तालुक्यात डोलवीला पोलादाचा कारखाना, आणि पेण-हमरापुरात गणपतीच्या मूर्तींचे कारखाने. कामाची जात वेगळी, पण जाचाची जात सगळीकडे एकच. कोणाला आईबहिणीवरून शिव्या, कोणाची दुसरी पाळी संपल्यावर तिसरीची सक्ती, कोणाला हातमोजे न देता आम्लाच्या पिंपाजवळ उभे करणे, कोणाची दोन-दोन महिन्यांची मजुरी अडकवणे. आणि शेवटी एक ठरलेले वाक्य : "जमत नसेल तर लिहून दे आणि जा."

हे "लिहून दे" मोठे कावेबाज आहे. मालकाने काढले तर मालकाला देणे लागते; कामगार आपण होऊन गेला तर पुष्कळसे देणे वाचते. म्हणून काढायचे असते मालकाला, पण सही हवी असते कामगाराची.

बेकारीचा विमा जगात जिथे जिथे आला, तिथे हा प्रश्न उभा राहिलाच. इंग्लंडने १९११ साली राष्ट्रीय विम्याचा कायदा केला. त्यात अशी अट होती, की जो कामगार योग्य कारणावाचून आपण होऊन काम सोडील, त्याला सहा आठवडे भत्ता मिळणार नाही. 'योग्य कारणावाचून' हे दोन शब्द ध्यानात ठेवा. कारण योग्य असेल तर सोडणाऱ्यालाही विमा लागू, असा त्याचा अर्थ. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८८ सालच्या बेकारीविषयक करारातही हाच विचार आहे.

आपल्याकडे कामगार राज्य विम्याचा कायदा १९४८ साली झाला आणि योजना १९५२ साली प्रत्यक्ष सुरू झाली. त्या वेळी देशाचे अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख, ज्यांचे रोह्याशी जन्मभराचे नाते. पण त्या योजनेत आजारपण, बाळंतपण आणि अपघात एवढेच होते, बेकारी नव्हती. ती आली २००५ साली, राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेतून. कारखाना बंद पडला, कपात झाली किंवा कायमचे अपंगत्व आले, तर भत्ता मिळावा अशी तिची रचना. पुढे २०१८ साली अटल विमित व्यक्ती कल्याण योजना आली. तिच्यात आरंभी सरासरी रोजाच्या पाव हिस्सा मिळे. २०२० साली तो निम्मा झाला. मर्यादा आयुष्यात मिळून ९० दिवसांची. त्याच साली कामगाराला आपला दावा थेट विमा महामंडळाकडे नेण्याची मोकळीक मिळाली. मालकाच्या सहीसाठी खेटे घालण्याचे कारण उरले नाही. ही योजना मुदतीची आहे आणि तिची मुदत वेळोवेळी वाढवली गेली आहे. तेव्हा अर्जाआधी शाखा कार्यालयात चालू मुदत आणि चालू अटी विचारून घ्याव्यात.

या योजनेला दार आहे, तशी दाराला कडीही आहे. ठराविक मुदतीची विम्याखालील नोकरी आणि हप्ता भरल्याचे किमान ७८ दिवस, ही पहिली अट. दुसरी अट आपल्या विषयाची : गैरवर्तनाच्या शिक्षेने नोकरी गेलेली नसावी, आणि कामगाराने स्वेच्छेने ती टाकून दिलेली नसावी. इंग्लंडच्या कायद्यातले 'योग्य कारण' इथे शब्दांत उतरलेले नाही. म्हणून आपल्या कामगाराला दुहेरी जपावे लागते. रागाच्या भरात हात उगारला तर गैरवर्तन. रागाच्या भरात राजीनामा फेकला तर स्वेच्छा.

आता कागद कोठे तयार होतो ते पाहू. मालकाला दर महिन्याला विम्याचे विवरण भरावे लागते. एखाद्या कामगाराचे दिवस शून्य असतील, तर त्यापुढे कारण निवडावे लागते : सेवा सोडली, निवृत्त झाला, कपात, काम नाही, असे काही. कचेरीतला कारकून ज्या शब्दावर बोट ठेवील, तो शब्द पुढे तुमच्या दाव्याच्या आड येतो किंवा त्याला हात देतो. म्हणून आमचे सांगणे असे, की शब्द खरा पडावा यासाठी झटावे. खोटा शब्द मात्र मागू नये. "कपात लिहा, अर्धे तुमचे अर्धे आमचे" असले सौदे कोणी करू पाहतात. खोट्या निवेदनाला कायद्यात शिक्षा आहे आणि त्यात खरा पीडितही खोटा ठरतो.

मग करावे काय? आमच्या अनुभवातला क्रम सांगतो.

पहिले : सही करू नका. कोरा कागद, टंकलेला राजीनामा, 'सर्व हिशोब मिळाला' अशी पावती, यांपैकी कशावरही वाचल्याशिवाय आणि घरी विचार केल्याशिवाय सही नको. दमदाटीने सही घेतलीच, तर त्याच दिवशी लिहून कळवा, की ही सही माझ्या इच्छेची नव्हे. जबरीने घेतलेला राजीनामा म्हणजे काढून टाकणेच, असे न्यायालयांनी मानलेले आहे. पण जबरी सिद्ध करावी लागते, आणि सहा महिन्यांनी आठवलेली जबरी कोणाला पटत नाही. पुढल्या तारखेपासून लागू होणारा राजीनामा त्या तारखेपूर्वी मागे घेता येतो, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली गोपालचंद्र मिश्र यांच्या प्रकरणात मांडले. ते प्रकरण उच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशाच्या राजीनाम्याचे होते. न्यायाधीशाला फेरविचार करता येतो, तर पिंप उचलणाऱ्यालाही यावा.

दुसरे : तक्रार लेखी करा आणि ती नोकरीत असताना करा. तारीख, पाळी, जागा, कोण बोलले, कोणासमोर बोलले. भाषा साधी ठेवा. शिवीला शिवीने उत्तर नको. कारखान्याची पोच मिळत नसेल तर स्पीड पोस्टाने पाठवून पोच जपा, एक प्रत कामगार खात्याला द्या. हजेरीकार्ड, पगाराच्या पावत्या आणि विमा क्रमांक घरी ठेवा. कंत्राटदाराकडचा कामगार असेल, तर मूळ कारखान्यालाही लिहा.

तिसरे : घरी बसून राहू नका. "जात नाही उद्यापासून" म्हणून बसलात, की मालक म्हणणार, हा न सांगता पळाला. गेटवर अडवले तर अडवल्याचे त्याच दिवशी लिहून कळवा. डी. के. यादव नावाच्या कामगाराला १९८० साली हरियाणातल्या एका कारखान्याने, आठ दिवसांहून अधिक गैरहजर म्हणून कमी केले. त्याचे म्हणणे होते, की मी रोज गेटवर जात होतो, मला आत सोडले नाही. चौकशीवाचून असे नाव कमी करणे न्यायाला धरून नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली दिला आणि त्याला निम्म्या मागील पगारासह कामावर घ्यायला लावले. न्याय मिळाला, पण तेरा वर्षांनी. रोजची एक ओळ लिहून ठेवणे त्यापेक्षा स्वस्त.

चौथे : नोकरी न सोडता जागा सोडण्याचे मार्ग आधी पाहा. जाचाने खरोखर आजारी पडला असाल, तर विम्याच्या डॉक्टरला दाखवा. आजारपणाच्या लाभात सरासरी रोजाच्या ७० टक्के, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळू शकतात. भगिनींसाठी २०१३ सालचा लैंगिक छळाविरुद्धचा कायदा आहे. दहा किंवा अधिक माणसे असतील तिथे अंतर्गत समिती, नसेल तिथे जिल्ह्याची स्थानिक समिती. तक्रार तीन महिन्यांच्या आत करावी. चौकशी चालू असताना तिची किंवा त्याची बदली, अथवा तिला तीन महिन्यांपर्यंत रजा, अशी शिफारस समिती करू शकते.

पाचवे : काढलेच, तर वेळ घालवू नका. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता अमलात आल्या आहेत. त्यांप्रमाणे काढलेल्याचा, तसाच राजीनामा दिलेल्याचा पगार दोन कामकाजाच्या दिवसांत चुकता करावयाचा असतो. काढल्याबद्दल समेट अधिकाऱ्याकडे अर्ज करून ४५ दिवस झाले, की कामगाराला न्यायाधिकरणाकडे थेट जाता येते. मात्र काढल्यापासून दोन वर्षांच्या आत. कपात झाली असेल तर भरपाईखेरीज पुनर्कौशल्य निधीतून १५ दिवसांच्या पगाराइतकी रक्कमही आहे. राजीनामा देणाऱ्याला ही भरपाई नाही आणि हा निधीही नाही.

एवढे सांगून एक गोष्ट स्पष्ट करतो. जिवावर बेतत असेल, अब्रूवर घाला येत असेल, तर क्षणभर थांबू नका. भत्ता ९० दिवसांचा, जीव जन्माचा. बाहेर पडा, पण त्याच संध्याकाळी कारण लिहून पाठवा. 'घरगुती अडचणीमुळे' असे खोटे सौजन्य त्या कागदावर नको. 'अमुक जाचामुळे मला काम करणे अशक्य झाले' असे लिहिले, तर भत्ता मिळेलच असे नाही; पण लढायला पाय रोवायची जागा राहते. राजीनामा दिला तरी सारेच बुडत नाही. पाच वर्षे सलग नोकरी झाली असेल तर ग्रॅच्युइटी मिळते, फंड आपलाच असतो, आणि पुरेसे हप्ते भरलेले असतील तर विम्याचे औषधपाणी त्या लाभकाळापुरते चालू राहते.

आणि ज्यांना हे दारच नाही त्यांचे काय? पेणच्या मूर्तिशाळेत रंगाचा हात फिरवणारा हंगामी कारागीर बहुधा विम्याबाहेर, कारण दहा माणसांची अट. ज्याचा पगार २०१७ साली ठरलेल्या २१,००० रुपयांच्या मर्यादेवर गेला, तो कुशल कामगारही बाहेर. 'बेकारी भत्ता' हा शब्द महाराष्ट्राला नवा नाही. १९७७ सालच्या रोजगार हमी कायद्यातही तो होता. तेव्हा जाचाने काम सोडणाऱ्याला 'योग्य कारण' म्हणून भत्ता मिळावा आणि लहान कारखान्यातल्यालाही तो मिळावा, ही मागणी युनियनांनी लावून धरली पाहिजे.

शेजारच्या अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ साली खोतांची जमीन कसणे सोडले आणि नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली सहा वर्षांच्या आसपास ते ठाम राहिले. काम सोडणे हेही शस्त्र आहे, हे त्यांनी दाखवले. पण ते एकट्याने, रागाने सोडले नव्हते. सर्वांनी मिळून, कारण जाहीर करून सोडले होते. एकटा कामगार राजीनामा देतो तेव्हा मालकाच्या वहीत एक नाव कमी होते. तोच कामगार लेखी तक्रार घेऊन, दोन साक्षीदार घेऊन, युनियनला विचारून बाहेर पडतो, तेव्हा त्या वहीत एक प्रश्न शिल्लक राहतो आणि त्याचे उत्तर मालकाला द्यावे लागते.

म्हणून, बंधुभगिनींनो, राग आला की आधी कागद घ्या. पण तो राजीनाम्याचा नव्हे, तक्रारीचा.