विश्लेषण : रोइंग मशीनवरची फुशारकी आकड्यांतच कशी अडकते?

‘रोज ३० किलोमीटर मारतो. लीव्हर कायम दहावर. २ हजार मीटर सहा-वीस, १० किलोमीटर तेहतीस-वीस आणि तासाभरात १५०० कॅलरी!’ रोइंग मशीनवर घाम गाळणाऱ्यांच्या गटात असे सांगणारा एखादा ‘भाऊ’ असतोच. त्याचा संदेश पडला की हसऱ्या इमोजींची रांग लागते. ‘मशीनला मोटर लावली का?’, ‘ऑलिम्पिकवाल्यांना तुमचा नंबर देऊ का?’ असे टोमणे सुरू होतात. वरचे दावे केवळ नमुन्यादाखल घेतले आहेत, पण चित्र ओळखीचे आहे. धावणे, सायकल किंवा वजन उचलण्यातही फेकाफेकी होते. मग रोइंगमध्येच ती इतक्या पटकन का पकडली जाते? आणि हसून सोडून देण्यापलीकडे ती गंभीरपणे घेण्याचे कारण काय?

मशीन नेमके काय मोजते?

जिममध्ये सर्वाधिक दिसणारे रोइंग मशीन अमेरिकेतील ‘कन्सेप्ट टू’ कंपनीचे असते. कंपनीने १९८१ मध्ये पहिले मशीन आणले, तेव्हा त्यात चक्क सायकलचे चाक वापरले होते. आजच्या मशीनमध्ये पंख्यासारखे फ्लायव्हील असते. दांडी ओढली की ते फिरते आणि हवेच्या विरोधामुळे पुन्हा मंदावते. किती वेगाने फिरले आणि किती वेगाने मंदावले, यावरून मॉनिटर व्यायाम करणाऱ्याची शक्ती वॉटमध्ये काढतो.

त्या शक्तीवरून ‘स्प्लिट’ ठरतो. स्प्लिट म्हणजे ५०० मीटरला लागणारा वेळ. दोन्हींचे नाते ठरलेले आहे. एका मीटरला किती सेकंद लागले, त्या आकड्याचा घन करायचा आणि २.८० ला त्याने भागायचे. उत्तर वॉटमध्ये मिळते. म्हणजे वेळ सांगितली की शक्ती आपोआप सांगितली जाते. रस्त्यावर धावणारा उताराचे, वाऱ्याचे कारण देऊ शकतो. इथे ना उतार, ना वारा.

‘सहा-वीस’ म्हणजे किती?

रोइंगचे प्रमाण अंतर २ हजार मीटर आहे. ६ मिनिटे २० सेकंद म्हणजे १ मिनिट ३५ सेकंदांचा स्प्लिट. सूत्रात घातले तर सुमारे ४०८ वॉट येतात. घरातला साधा छताचा पंखा साधारण ७५ वॉटचा धरला, तर हा माणूस सव्वासहा मिनिटांहून अधिक काळ पाचेक पंखे एकट्याने चालवतो आहे!

खरी मेख त्या घनात आहे. ८ मिनिटांत २ हजार मीटर पूर्ण करायला सुमारे २०३ वॉट लागतात, ७ मिनिटांसाठी ३०२ आणि ६ मिनिटांसाठी ४८०. आठवरून सातवर येताना वेळ साडेबारा टक्क्यांनी कमी होतो, पण शक्ती जवळपास दीडपट लागते. म्हणूनच ‘महिन्याभरात मिनिटभर कमी केले’ असे कुणी सांगितले की जुनेजाणते भुवया उंचावतात.

वरच्या पातळीवर तर सेकंदाचा दहावा भागही महाग असतो. सिडनी ऑलिम्पिकमधील एकेरीचा सुवर्णपदक विजेता, न्यूझीलंडचा रॉब वॉडेल याने २००८ मध्ये ५ मिनिटे ३६.६ सेकंद अशी वेळ नोंदवली. ती मागे टाकायला २०१८ साल उजाडले. ऑस्ट्रेलियाच्या जोश डंकली-स्मिथने ५ मिनिटे ३५.८ सेकंदांची नोंद केली. दहा वर्षांत फरक पडला ०.८ सेकंदाचा.

एकाच माणसाचे दोन आकडे एकमेकांशी कसे भांडतात?

एकटा आकडा खोटा ठरवणे अवघड असते. दुसरा आकडा सांगितला की पंचाईत होते. रोइंग करणाऱ्यांमध्ये ‘पॉल्स लॉ’ नावाचा एक ठोकताळा प्रचलित आहे. अंतर दुप्पट झाले की स्प्लिट साधारण ५ सेकंदांनी वाढतो. हा विज्ञानाचा नियम नव्हे. कुणाचा दम जास्त, कुणाचा झटका जास्त, त्यानुसार दोन-चार सेकंद इकडे-तिकडे होतात. पण अंदाजाला तो पुरेसा आहे.

आता नमुन्यातला ‘भाऊ’ पाहू. २ हजार मीटरला स्प्लिट १:३५. अंतर पाचपट झाल्यावर, म्हणजे १० किलोमीटरला, तो १:४६-१:४७ च्या आसपास जायला हवा. म्हणजे एकूण वेळ साडेपस्तीस मिनिटे. दावा मात्र ३३ मिनिटे २० सेकंदांचा, म्हणजे १:४० चा. तो खरा मानला, तर याच माणसाने २ हजार मीटर ५ मिनिटे ५४ सेकंदांच्या आसपास मारायला हवेत. तसे असते तर त्याने ‘सहा-वीस’ची फुशारकी मारलीच नसती. दोनपैकी एक आकडा त्याचा नाही, किंवा दोन्ही नाहीत. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, पण दोन्हींची चव जुळत नाही.

‘लीव्हर दहावर’ ठेवला म्हणजे व्यायाम जास्त?

हा सर्वांत लोकप्रिय गैरसमज आहे. फ्लायव्हीलच्या बाजूला १ ते १० आकड्यांचा डॅम्पर लीव्हर असतो. त्याने आत किती हवा जाणार, एवढेच ठरते. दहावर ठेवले की जड, संथ बोट ओढल्यासारखे वाटते. खाली आणले की हलकी, वेगवान बोट. सायकलच्या गिअरसारखाच हा प्रकार आहे. गिअर जड केला म्हणून सायकलस्वार आपोआप बलवान होत नाही.

शिवाय मॉनिटर प्रत्येक ओढीनंतर चाक किती मंदावते ते मोजून हिशेब बदलतो. त्यामुळे लीव्हर कुठेही असला तरी वॉट तेवढेच दिसतात, जेवढे माणसाने लावले. जाणकार लीव्हरचा आकडा सांगतही नाहीत. ते मॉनिटरवरचा ‘ड्रॅग फॅक्टर’ सांगतात. कारण जाळीत धूळ साचलेल्या मशीनचा ‘दहा’ आणि नव्या मशीनचा ‘दहा’ सारखा नसतो. थोडक्यात, ‘कायम दहावर’ हे वाक्य ताकदीपेक्षा नवखेपणाचा पुरावा ठरते.

आणि त्या १५०० कॅलरी?

मॉनिटर कॅलरी काढताना ठरलेले सूत्र वापरतो. वॉटला साधारण ३.४४ ने गुणायचे आणि तासाला ३०० कॅलरी मिळवायच्या. हे सूत्र सुमारे ७९ किलो वजनाच्या व्यक्तीसाठी आहे; हलक्या व्यक्तीच्या प्रत्यक्ष कॅलरी स्क्रीनपेक्षा कमी जळतात.

तासाला १००० कॅलरी दिसायला सुमारे २०३ वॉट लागतात, म्हणजे २ मिनिटांच्या स्प्लिटने तासात १५ किलोमीटर. हेच चांगल्या कसलेल्या माणसाचे काम आहे. १५०० कॅलरींसाठी जवळपास ३५० वॉट हवेत, म्हणजे स्प्लिट १:४० आणि तासात १८ किलोमीटर. आता गंमत पाहा. हा तोच १:४० आहे, जो या ‘भाऊ’ने १० किलोमीटरसाठी सांगितला होता. म्हणजे ३३ मिनिटांची त्याची सर्वोत्तम कामगिरी तो तासभर, न दमता चालू ठेवतो!

रोज ३० किलोमीटर शक्य आहे का?

शक्य आहे, इथे गणित आडवे येत नाही. २:०५ च्या आरामशीर स्प्लिटने ३० किलोमीटरला २ तास ५ मिनिटे लागतात. सात दिवसांचे साडेचौदा तास होतात. प्रत्येक ओढीला १० मीटर धरले, तर दिवसाला ३ हजार वेळा दांडी ओढायची. नोकरी-धंदा सांभाळून आणि एकही दिवस विश्रांती न घेता हे करणारे फार थोडे.

पण मुद्दा वेगळाच आहे. नॉर्वेच्या आंतरराष्ट्रीय रोइंगपटूंच्या १९७० ते २००१ या काळातील सरावाचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचा सराव वर्षाला सुमारे ९२४ तासांवरून ११२८ तासांवर गेला. आठवड्याला जवळपास २२ तास! या काळात हलक्या तीव्रतेचा सराव महिन्याला ३० तासांवरून ५० तासांवर वाढला, तर शर्यतीच्या वेगाचा किंवा त्याहून तीव्र सराव २३ तासांवरून सुमारे ७ तासांवर आला. म्हणजे जगातले उत्तम रोइंगपटू बराच वेळ अशा वेगाने सराव करतात, ज्याचा फोटो गटात टाकावासाही वाटणार नाही. रोज जीव काढणारा सराव सांगायला भारी वाटतो. करणारे मात्र तो मोजूनमापून करतात.

मग प्रत्येक जण खोटेच बोलतो का?

नाही. अनेकदा गफलत असते. ५०० मीटरचे चार तुकडे, मध्ये विश्रांती घेऊन मारायचे आणि बेरीज ‘२ हजार मीटर’ म्हणून सांगायची, हे सर्रास होते. काही जण क्षणभर दिसलेला सर्वांत वेगवान स्प्लिट सरासरी समजतात. वेगवेगळ्या कंपन्यांची मशीन एकसारखे मोजत नाहीत, त्यामुळे एका मशीनवरचे ७ मिनिटे दुसऱ्यावर ८ होऊ शकतात. कॉलेजच्या दिवसांतली वेळ आठवणीत दर वर्षी दोन सेकंदांनी सुधारते, हेही खरे.

पडताळणीची सोयही आहे. कन्सेप्ट टूचा मॉनिटर सरावानंतर एक कोड देतो. कंपनीच्या ऑनलाइन लॉगबुकमध्ये तो टाकला की नोंद पडताळलेली दिसते. २०२१ ची जागतिक इनडोअर रोइंग स्पर्धा तर खेळाडूंनी आपापल्या ठिकाणी मशीनवर बसून, ऑनलाइन खेळली. म्हणून गटात ‘स्क्रीनचा फोटो टाका’ असे म्हटले की तो अपमान नसतो, खेळाची रीत असते.

फुशारकीने नुकसान कुणाचे होते?

मारणाऱ्याचे फारसे नाही, ऐकणाऱ्याचे होते. जुने सदस्य हसतात आणि पुढे जातात. पण महिन्याभरापूर्वी मशीन घेतलेला चाळिशीतला माणूस तो संदेश शांतपणे वाचत असतो. त्याचे २ हजार मीटर साडेनऊ मिनिटांत होतात. तो दुसऱ्या दिवशी लीव्हर दहावर नेतो, पाठ वाकवून ओढतो आणि अंतर एकदम दुप्पट करतो. कंबरदुखी आणि बरगडीचे स्ट्रेस फ्रॅक्चर या रोइंगमधल्या परिचित दुखापती आहेत. त्या टाळायच्या तर भार हळूहळू वाढवावा लागतो. दुखापत झाली नाही, तरी ‘आपल्याला जमणार नाही’ म्हणून मशीनवर कपडे वाळत घालण्याची वेळ येते.

त्यामुळे थट्टेलाही एक काम आहे. ती दाव्याची व्हावी, माणसाची नव्हे. ‘हे आकडे जुळत नाहीत’ असे कुणी हसत का होईना लिहिले, तर तो शांत वाचक वाचतो. उलट थट्टा प्रत्येक नवख्या आकड्यावर घसरली, तर साडेनऊ मिनिटे खरी सांगणाराही गप्प बसतो. मग गटात फक्त फेकणारेच उरतात.

मशीनवरचा आकडा म्हणजेच रोइंग का?

तसेही नाही. ‘अर्ग तरंगत नाही’ असे रोइंगपटू म्हणतात. अर्ग म्हणजे हेच मशीन. वजनदार माणसाला मशीनवर फायदा होतो, पाण्यावर मात्र तेच वजन बोटीला ओढून न्यावे लागते. तोल, वल्ह्याचा कोन आणि सहकाऱ्यांशी जुळलेली लय मॉनिटरवर दिसत नाही.

महाराष्ट्राला याचे उदाहरण घरचेच आहे. नाशिक जिल्ह्यातील चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ लष्करात गेल्यावर रोइंगकडे वळला आणि २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये एकेरीत तेरावा आला. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत प्रकृतीने दगा दिल्याने एकेरीच्या अंतिम फेरीत तो शेवटच्या, सहाव्या स्थानावर राहिला. दुसऱ्याच दिवशी स्वर्ण सिंग, ओम प्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्यासह त्याने क्वाड्रपल स्कल्समध्ये सुवर्णपदक जिंकले. एका दिवसाचा आकडा पाहून कुणी निकाल लावला असता, तर तो चुकला असता.

दावा ऐकल्यावर काय विचारावे?

चार प्रश्न पुरतात. मशीन कोणते? वेळ सलग होती की विश्रांती घेऊन? सरासरी स्प्लिट किती? आणि दुसऱ्या एखाद्या अंतराची वेळ काय? खरे मारणारा चारही उत्तरे लगेच देतो, बहुतेकदा स्वतःच्या चुकांसह.

नवख्यांसाठी हिशेब सोपा आहे. लीव्हर तीन ते पाचच्या दरम्यान ठेवावा. सुरुवातीला १५-२० मिनिटे, बोलता येईल इतक्याच वेगाने करावे. पाठ ताठ ठेवावी आणि जोर आधी पायांचा लावावा. हृदयविकार, रक्तदाब किंवा पाठीचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. प्रत्येक वेळी आकडा लिहून ठेवावा आणि तुलना गटातल्या ‘भाऊ’शी नव्हे, स्वतःच्या मागच्या महिन्याशी करावी. साडेनऊची सव्वानऊ झाली, तर सूत्रानुसार शक्ती आठ टक्क्यांहून अधिक वाढलेली असते. ती गटात सांगायला हरकत नाही, स्क्रीनच्या फोटोसह.