गोणीतलं नत्र

श्रावणात पावसानं दोन दिवस उघडीप दिली की नेरुळच्या आमच्या सोसायटीत सकाळी सातलाच ग्रास कटर सुरू होतो. कापलेल्या गवताचा तो ओला, हिरवा वास तिसऱ्या मजल्यापर्यंत चढतो. पाती चिरली की गवत काही उडून जाणारी द्रव्यं हवेत सोडतं, त्यांचाच तो वास. दहापर्यंत माळीकाका सगळं गवत पंजानं ओढून गोणीत भरतात आणि गोणी फाटकापाशी ओल्या कचऱ्याच्या गाडीची वाट बघत उभी राहते. पंधरवड्यानं तेच काका युरिया घेऊन येतात आणि त्याच हिरवळीवर मूठमूठ फेकतात.

बाहेर गेलेल्या गोणीत आणि आत आलेल्या पिशवीत एकच गोष्ट होती, नत्र. हे लक्षात आलं त्या दिवसापासून मी ती गोणी निराळ्या नजरेनं बघतो.

हिशेब सोपा आहे. ताज्या गवतात सुमारे ८० टक्के पाणी असतं. म्हणजे १० किलोच्या गोणीत कोरडा भाग जेमतेम २ किलो. त्यात ३ ते ४ टक्के नत्र, म्हणजे साधारण ७० ग्रॅम. युरियात नत्र ४६ टक्के असतं, तेव्हा ही एक गोणी दीडशे ग्रॅम युरियाच्या तोडीची झाली. पोटॅश आणि थोडं स्फुरद वेगळंच.

एवढं नत्र त्या कोवळ्या पात्यात करतं काय? पात्याचा हिरवा रंगच त्यावर उभा आहे. हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूच्या मधोमध मॅग्नेशियमचा एक अणू बसलेला असतो आणि त्याला चारी बाजूंनी धरून नत्राचे चार अणू असतात. उन्हापासून अन्न बनवणारी प्रथिनंही नत्राचीच. भाताच्या पेंढ्याशी तुलना करून बघा. पेंढा पिवळा होतो, कारण पिकता पिकता रोपानं आपलं बरंचसं नत्र दाण्यात नेऊन ठेवलेलं असतं; मागे अर्धा-पाऊण टक्काच उरतं. हिरवळीचं पातं मात्र ऐन भरात कापलं जातं, भांडार भरलेलं असताना.

आता ते पातं जिथं पडलं तिथंच राहू दिलं तर? उबदार, दमट हवेत काही तासांतच जिवाणू त्यावर तुटून पडतात. गवताच्या पात्यात लाकडासारखा चिवट भाग फार कमी, त्यामुळे ते झपाट्यानं मऊ होतं. मग बुरशी येते, डोळ्यांना जेमतेम दिसणारे कीटक येतात आणि रात्री गांडुळं. पावसाळ्यात आठ-पंधरा दिवसांत पातं शोधून सापडत नाही. हिरवळीखाली कुजका थर साचेल, ही भीती नेहमी ऐकू येते. तो थर मुख्यतः चिवट खोडांचा आणि मुळांचा असतो, पात्यांचा नव्हे.

चार्ल्स डार्विननं १८८१ साली आपलं शेवटचं पुस्तक लिहिलं ते गांडुळांवर. इंग्लंडच्या अनेक भागांत एकरी दरवर्षी १० टनांहून अधिक माती गांडुळांच्या पोटातून जाऊन वर येते, असा हिशेब त्यानं त्यात मांडला. उत्क्रांतीचा सिद्धान्त मांडणारा माणूस म्हातारपणी गांडुळांची विष्ठा तोलत बसला होता, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आमच्या नवी मुंबईला कुजणाऱ्या पात्यांची आणि गांडुळांची गरज जास्त आहे. हे शहर वसवण्यासाठी १९७० साली सिडको स्थापन झाली आणि खाडीकाठच्या भातखाचरांवर, मिठागरांवर मुरूम पसरून ते उभं राहिलं. आपल्या पुष्कळ बागांखाली तोच मुरूम आहे, वर आणून टाकलेल्या लाल मातीचा एक पातळ थर. मुरमात कुजलेलं सेंद्रिय काहीच नसतं. त्यात चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस. युरियाचं मातीत नायट्रेट होतं आणि मातीच्या कणांना ते धरून ठेवता येत नाही, कारण दोघांवरही ऋण भार. एक जोरदार सर आली की ते वाहून जातं, थेट खाडीत. पात्यातलं नत्र मात्र आधी जिवाणूंच्या शरीरात शिरतं, मग त्यांना खाणाऱ्यांच्या, आणि थोडं थोडं करून मुळांशी पोचतं.

इथून जवळच, कर्जत तालुक्यात नेरळला, चंद्रशेखर भडसावळे यांनी याच नात्यातली गोष्ट भातशेतीत करून दाखवली. त्यांच्या सगुणा तंत्रात नांगरणी नाही, चिखलणी नाही. गादीवाफ्यावर भात घ्यायचा, कापणीनंतर मुळं जमिनीतच कुजू द्यायची. गांडुळं परत येतात. ज्या कोकणात राब भाजायची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, पाला-गवत जाळून त्यातलं नत्र धुरावाटे आभाळात गेलं, तिथं हे घडलं, हे मला मोठं वाटतं.

सोसायटीत करायचं ते याहून सोपं. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापू नये. म्हणजे पावसाळ्यात आठवड्याला कापणी आली, पण तुकडे बारीक पडतात आणि पात्यांच्या मधून खाली उतरतात. गवत ओलंचिंब असताना कापू नये. गठ्ठे पडतात, त्याखालचं गवत गुदमरून पिवळं पडतं. गठ्ठा पडलाच तर पंजानं विस्कटायचा. कटरचं पातं धारदार हवं. कापलेलं गवत असं तिथंच राहू दिलं की खताची गरज साधारण पाव हिश्शानं कमी होते.

आमच्या माळीकाकांना मी एका कोपऱ्यातलं गवत न उचलण्याची विनंती केली. कोपरा हरळीचा आहे. शेतकरी हिला कंटाळलेला असतो, आणि हीच दूर्वा गणपतीच्या मस्तकावर चढते. गेल्या आठवड्यात रात्री पाऊस थांबल्यावर टॉर्चवर लाल जिलेटिन कागद लावून तिथं गेलो. लाल उजेड गांडुळांना फारसा जाणवत नाही. काका सोबत होते. हरळीच्या बुडाशी ओल्या मातीच्या बारीक गोळ्यांचे ढीग होते, आणि एका ढिगाशेजारी एक गांडूळ अर्धं बाहेर येऊन कुजलेल्या पात्यांत तोंड खुपसून बसलं होतं. काका उकिडवे बसले आणि बराच वेळ बघत राहिले.