वेबवरचे नकाशे : गैरसमज आणि वस्तुस्थिती

वेबवरच्या संवादी नकाशाला दोन थर असतात. खाली रस्ते, नद्या, गावे दाखवणारा पायाचा नकाशा आणि त्यावर करणाऱ्याची स्वतःची माहिती. तालुक्यावर बोट टेकवले की आकडा उघडतो, तो वरच्या थरातून. बेळगाव जिल्ह्याचा असा नकाशा करायला बसलेल्या नवशिक्याची गाडी बहुधा पुढील समजुतींपाशी अडते.

गैरसमज : त्यासाठी पक्का प्रोग्रामर आणि पैसा लागतो.
वस्तुस्थिती : युक्रेनच्या व्लादिमिर अगाफोन्किन यांनी २०११ मध्ये आणलेली ‘लीफलेट’ ही जावास्क्रिप्ट लायब्ररी मोफत आहे. साधे वेबपान लिहिता येणाऱ्याला तिच्या आधारे थोड्या ओळींत नकाशा उभा करता येतो. पायाचा नकाशा २००४ पासून चालू असलेल्या ‘ओपनस्ट्रीटमॅप’चा घेता येतो. मात्र मोफत असले तरी श्रेय छापावेच लागते आणि त्यांच्या सर्व्हरवरून नकाशाचे तुकडे घाऊक उतरवून घ्यायला मनाई आहे.

गैरसमज : अक्षांश-रेखांशांचा क्रम कसाही चालतो.
वस्तुस्थिती : खानापूर तालुक्यातील गुंजी साधारण १५.५ उत्तर अक्षांश आणि ७४.५ पूर्व रेखांशावर आहे. लीफलेटमध्ये बिंदू देताना अक्षांश आधी येतो; नकाशाची माहिती साठवणाऱ्या ‘जिओजेसन’ फायलीत मात्र २०१६ च्या मानकानुसार रेखांश आधी. ही अदलाबदल झाली की गुंजीची खूण नॉर्वेच्या उत्तरेला थंडगार समुद्रात जाऊन पडते. बेळगावभोवतीचा नकाशा उघडलेल्याला ती दिसतच नाही आणि ‘कोड चुकला’ असे वाटते.

गैरसमज : तालुक्याचे नाव जुळले की आकडाही जुळला.
वस्तुस्थिती : २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यात १० तालुके होते, आज स्वतंत्र तालुका असलेले निपाणी तेव्हा चिकोडी तालुक्यात होते. आजच्या सीमांवर ते आकडे चढवले तर निपाणी कोरे राहते आणि जुन्या, मोठ्या चिकोडीचा आकडा आजच्या लहान चिकोडीवर बसतो. त्यातच १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावचे सरकारी नाव ‘बेळगावी’ झाले. एका फायलीत जुने आणि दुसऱ्या फायलीत नवे नाव असेल, तर संगणक ती दोन ठिकाणे धरतो. म्हणून सीमा त्याच जनगणनेच्या काळातल्या घ्याव्यात आणि जोडणी नावाऐवजी जनगणनेच्या संकेतांकावरून करावी.

गैरसमज : एकूण आकडा रंगात दाखवला की चित्र स्पष्ट होते.
वस्तुस्थिती : रंग क्षेत्रफळासह डोळ्यांत भरतो. खानापूरसारखा विस्तीर्ण, जंगलाचा तालुका नकाशावर मोठी जागा व्यापतो, पण तिथली वस्ती विरळ आहे. म्हणून रंगासाठी प्रमाण वापरावे. २०११ मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या ४७,७९,६६१ आणि क्षेत्रफळ १३,४१५ चौरस किलोमीटर होते, म्हणजे घनता दर चौरस किलोमीटरला सुमारे ३५६. एकूण संख्याच दाखवायची असेल तर लहानमोठी वर्तुळे योग्य. रंगांचे गट कुठे तोडले यावरही चित्र पालटते. त्यामुळे सूचीत गटांच्या मर्यादा, आकड्यांचे वर्ष आणि स्रोत लिहिणे आवश्यक ठरते.