एमडीचा अंमल

फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतून शेकडो किलो मेफेड्रोन पकडले. ही ‘एमडी’ पावडर मेंदूतल्या पेशींना डोपामिन आणि सेरोटोनिन बाहेर ओतायला लावते, शिवाय ते परत आत घ्यायची वाटही अडवते. तरतरी येते, झोप-भूक उडते, छाती धडधडते. अंमल काही तासांतच ओसरतो, उदासी दाटते आणि हात पुन्हा पुडीकडे वळतो. याला नुसता मनाचा दुबळेपणा म्हणणे मला पटत नाही. पुण्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६पासून व्यसनींवर उपचार करते आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणात अमली पदार्थ बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी मान्यताप्राप्त केंद्रात स्वतःहून गेला आणि त्याने उपचार पूर्ण केले, तर अमली पदार्थविरोधी कायद्याचे कलम ६४अ त्याला खटल्यापासून संरक्षण देते.