नो-कोड निवडताना फसगत कुठे होते

भोसरी-चाकणच्या अनेक छोट्या कारखान्यांत जॉबवर्कचं रजिस्टर अजून वहीत नाहीतर एक्सेलमध्ये असतं. जीएसटी कायद्यानुसार जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल वर्षाच्या आत परत यावा लागतो किंवा तिथूनच विकला जावा लागतो. तसं झालं नाही तर तो पाठवला त्याच दिवशी पुरवठा झाला असं धरून कर लागतो. म्हणून हा हिशेब चोख हवा. ॲपशीट, झोहो क्रिएटर, पॉवर ॲप्स यांसारखी नो-कोड आणि लो-कोड साधनं अशा कामाला खरोखर उपयोगी आहेत. पण निवड होते ती बहुतेक वेळा डेमो पाहून, आणि काही समजुती मनात पक्क्या धरून.

सगळ्यात घट्ट समजूत ही, की कोड लिहायचा नाही म्हणजे डोकं लावायचं काही उरलं नाही. एक चलन घेऊन पाहू. शंभर बुश प्लेटिंगला गेले. पहिल्या खेपेला ४० आले, दुसऱ्या खेपेला ३५, मग २२, तीन रिजेक्ट. एक्सेलची शीट जशीच्या तशी साधनाला जोडली, तर एका चलनाला एक ओळ आणि ‘परत आले’ हा एकच रकाना मिळतो. स्टोअरकीपर दर वेळी जुना आकडा खोडून नवा टाकतो, आणि कोणती खेप कधी आली हे कायमचं पुसलं जातं. इथे दोन तक्ते लागतात: एक चलनांचा, दुसरा आवकेचा, आणि आवकेच्या प्रत्येक नोंदीत चलन क्रमांक. शिल्लक कुणी टाइप करायची नाही, ती हिशेबातून निघाली पाहिजे. हल्ली एआयला सांगितलं की तक्ते आपोआप तयार होतात, पण ते तीन रिजेक्ट नग कुणाच्या खात्यावर टाकायचे, हे तुमच्या स्टोअरलाच माहीत असतं. त्यामुळे डेमोला बसताना विक्रेत्याचं नमुन्याचं ॲप पाहू नका. आपलं सर्वांत किचकट चलन पुढे ठेवा आणि ते बसवून दाखवा म्हणा.

‘मोठ्या कंपनीचं आहे, बंद पडणार नाही’ हे तर उघड चुकीचं आहे. गूगलने जानेवारी २०२० मध्ये ॲपशीट विकत घेतलं आणि त्याच महिन्यात स्वतःचं ॲप मेकर बंद करत असल्याचं जाहीर केलं. १९ जानेवारी २०२१ ला ते बंद झालं. त्यावर बांधलेली ॲप्स दुसरीकडे उचलून नेण्याची सोय नव्हती, ती नव्याने बांधावी लागली. ॲमेझॉनचं हनीकोड जून २०२० मध्ये आलं आणि २९ फेब्रुवारी २०२४ ला संपलं.

यावर ‘डेटा तर सीएसव्हीत काढता येतो’ असं उत्तर मिळतं. नोंदी येतात, खरं आहे. मंजुरीचे टप्पे, सूत्रं, कोणी काय पाहायचं याचे नियम मात्र त्या फाइलमध्ये येत नाहीत. चाचणीच्या काळातच सगळा डेटा एकदा बाहेर काढून पाहा. फोटो आणि पीडीएफ येतात का, आवकेची नोंद कोणत्या चलनाची हे बाहेर आल्यावरही कळतं का, हे तपासा. नियम साध्या मराठीत लिहून वेगळे ठेवा.

सुरक्षितता कंपनीवर सोपवून मोकळं होणं सगळ्यात धोक्याचं. ऑगस्ट २०२१ मध्ये अपगार्ड या संस्थेने दाखवून दिलं, की मायक्रोसॉफ्टच्या पॉवर ॲप्सच्या पोर्टलवरून ४७ संस्थांच्या मिळून ३ कोटी ८० लाख नोंदी इंटरनेटवर उघड्या होत्या. कोणी हल्ला केला नव्हता. तक्त्यांवरची परवानगी तपासण्याची सोय मुळातच बंद असायची आणि बनवणाऱ्यांनी ती चालू केली नव्हती. मायक्रोसॉफ्टने नंतर मूळ सेटिंग बदललं. आपल्याकडच्या २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही बाहेरच्या कंपनीकडून प्रक्रिया करून घेतली तरी जबाबदारी तुमचीच राहते. आणि एक साधी गोष्ट आधी पाहा: ॲप कुणाच्या खात्यावर आहे? बनवणाऱ्याच्या वैयक्तिक जीमेलवर असेल, तर त्याने नोकरी सोडताच तुमचं रजिस्टर अडकतं.

राहिला खर्च. बरीच साधनं दर माणशी, दरमहा पैसे घेतात. समजा ५०० रुपये दर आहे. चार जणांना तो जाणवत नाही, पण शिफ्टवरच्या ४० जणांना लॉगिन दिलं की वर्षाचे २ लाख ४० हजार होतात. मुंबईच्या फ्रॅपेचं फ्रेमवर्क किंवा बडीबेससारखी मुक्त स्रोत साधनं स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येतात. म्हणून ती फुकट पडतात असं मात्र नाही. सर्व्हरचं भाडं, अपडेट, बॅकअप हे सगळं तुमच्याकडे येतं. बॅकअप घेणारा, आणि तो एकदा तरी परत चढवून पाहिलेला माणूस कंपनीत असेल तर हा मार्ग मला सर्वांत चांगला वाटतो. तसा माणूस नसेल तर दर माणशी पैसे भरलेलेच बरे.