बाबांचा एमआरआय आणि नॅनोहिरे

बाबा साताऱ्याहून आमच्याकडे सिंगापूरला आले आणि तिसऱ्याच आठवड्यात त्यांच्या पोटाचा एमआरआय करायची वेळ आली. नर्सचा पहिलाच प्रश्न, "किडनीचा काही त्रास?" होताच, क्रिएटिनीन बरंच वाढलेलं. मग डॉक्टरांनी ठरवलं, कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन नको, साधंच स्कॅन करू. बाहेर आल्यावर बाबांनी विचारलं, "अरे, त्या इंजेक्शनमधलं औषध शरीरात जातं तरी कुठे?" निवृत्त मास्तर ते, प्रश्न थोडाच सोडणार!

मग मीच वाचायला बसलो. त्या इंजेक्शनात गॅडोलिनियम नावाचा धातू असतो. धडधाकट किडनी तो बहुतेक सगळा बाहेर टाकते. पण किडनी फारच दुबळी झालेल्या काही रुग्णांची कातडी त्यामुळे आखडते, हे २००६ मध्ये लक्षात आलं. म्हणजे थोडक्या गॅडोलिनियममध्ये काम भागलं तर बाबांसारख्यांना हवंच आहे.

इथं हिरा येतो. अंगठीतला नव्हे, पाचेक नॅनोमीटरचा. केसाच्या जाडीच्या साधारण दहा हजाराव्या भागाएवढा. अशा हिऱ्यांवर औषध चिकटवून ते कॅन्सरच्या गाठीपर्यंत न्यायचं, यावर संशोधन चालू आहे. पण कण पोचला की नाही, हे बघायचं कसं? एमआरआय मुख्यतः पाण्यातला हायड्रोजन टिपतो. नेहमीच्या कार्बनच्या अणुकेंद्राला चुंबकत्वच नसतं, म्हणून हिरा त्याला दिसतच नाही. २०१० मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात डीन हो आणि थॉमस मीड यांच्या गटांनी नॅनोहिऱ्यांना गॅडोलिनियम जोडलं. तेवढ्याच गॅडोलिनियमचा प्रभाव दसपटीहून जास्त वाढला! अर्थात प्रयोगशाळेतल्या द्रावणात, माणसात नव्हे. पुढे २०१७ मध्ये सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी तर गॅडोलिनियम वगळूनच नॅनोहिरे एमआरआयमध्ये दाखवले. हिऱ्याच्या पृष्ठभागावरच्या सुट्या इलेक्ट्रॉनांचं चुंबकत्व त्यांनी भोवतालच्या पाण्यातल्या हायड्रोजनला दिलं.

हे डीन हो आता इथंच, नॅशनल युनिव्हर्सिटी ऑफ सिंगापूरमध्ये प्राध्यापक आहेत. केंट रिज आमच्या घरापासून मेट्रोने पाच स्टेशनं. रविवारी बाबांना घेऊन त्या बाजूला चक्कर मारली. कॅम्पस बंद, चिटपाखरू नाही, ऊन मात्र रणरणतं. बाबांनी सावलीत बसून सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे नोव्हेंबरातल्या माझ्या स्कॅनला हे नाही मिळणार."

"नाही बाबा. तेव्हाही साधंच."

"बरं. मग चहा कुठे मिळेल ते बघ."