तुला चिनी भाषा येते!

नाही म्हणू नकोस! आज सकाळीच तुझ्या घरात कुणीतरी एक चिनी शब्द बोललंय. लावतोस पैज?

विश्रांतवाडीच्या चौकात जरा कान देऊन उभं राहा. टपरीवर काय ऐकू येतं? "दोन स्पेशल!" "एक कटिंग!" ज्ञानेश्वर माउलींची पालखी आळंदी रस्त्याने इथून पुण्याकडे जाते ना, तेव्हा तर वारकऱ्यांना आग्रहच सुरू असतो. "माउली, थांबा, घोटभर घेऊन जा!"

काय घेऊन जा? ओळखलंस! चहा!

हा शब्द मूळचा चीनचा. तिथे म्हणतात 'छा'. पण नुसतं 'छा' म्हणून भागत नाही हं! आवाज खालून वर चढवायचा, आपण "काऽय?" विचारताना चढवतो तसा. तोच आवाज वरून खाली आपटलास, तर अर्थ होतो 'वाईट'! अक्षर तेच, नुसता सूर बदलला की पंचाईत!

आणि तो शब्द लिहितात कसा, माहितीये? एकाच चिन्हात! वर गवताची खूण, मधे माणसासारखा आकार, खाली झाडासारखा. गवत आणि झाड यांच्यामध्ये चक्क माणूस!

आता खरी गंमत ऐक. '7' हा आकडा तू 'सात' वाचतोस आणि चेन्नईची मुलगी 'एळु' वाचते. या चिन्हाचंही तसंच! चीनमध्ये बहुतेक ठिकाणी ते 'छा' वाचतात. पण फूजियान प्रांताच्या किनाऱ्यावरचे लोक वाचतात 'ते'! डच व्यापाऱ्यांनी हा 'ते' जहाजातून युरोपात नेला. त्याचाच झाला इंग्रजीतला 'टी'. पोर्तुगीज मात्र मकाव बंदरात 'छा' शिकले. इराणमार्गे गेलेला 'छा' झाला 'चाय'. म्हणजे आपला चहा, हिंदीतली चाय आणि इंग्रजांचा टी ही एकाच चिन्हाची पिल्लं!

दक्षिण चीनमधल्या ग्वांगजौ शहरात तर कपात चहा ओतणाऱ्याला तोंडाने 'धन्यवाद' म्हणायचीही गरज नाही. दोन बोटं टेबलावर हलकेच टकटक वाजवायची. झालं! तोंडात घास असला तरी चालतंय! (मला तर ही पद्धत फारच आवडली.)

आणखी एक. इंग्रजीत ज्याला 'काळा चहा' म्हणतात, त्यालाच चिनी लोक म्हणतात 'लाल चहा'! कोण बरोबर? उद्या घरी चहा उकळला की दूध घालायच्या आधी पातेल्यात डोकाव आणि तूच ठरव. पण जरा लांबूनच, वाफ भाजते!